बीदर-कलबुर्गी सीमाभागातील सरकारी शाळा : सातवीनंतरच्या खंडाची चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षणविषयक चर्चेत 'मागासलेला भाग' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की तो उच्चारला म्हणजे कारण सांगून झाले, असे समजले जाते. वस्तुतः मागासलेपण हे परिस्थितीचे नाव आहे, कारण नव्हे. कर्नाटकाच्या ईशान्य टोकावरील बीदर आणि कलबुर्गी (२०१४ पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांबाबत हेच घडत आले आहे. दरवर्षी एस.एस.एल.सी.चा निकाल लागतो, हे जिल्हे यादीच्या तळाशी दिसतात, पालकांचे दारिद्र्य, स्थलांतर आणि निरक्षरता यांचा उल्लेख होतो आणि पुढील निकालापर्यंत विषय संपतो.

दारिद्र्य आणि स्थलांतर खरे आहेत. औराद, आळंद, चिंचोळी या तालुक्यांतील तांड्यांवरून हंगामात मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षातील काही महिने शाळेत नसतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जे मूल सात वर्षे नियमित शाळेत आले, त्याचेही पुढे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे सीमाभागातील सरकारी शाळाव्यवस्थेची, विशेषतः मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळांची चिकित्सा केली आहे आणि सुधारणेच्या काही दिशा मांडल्या आहेत.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

बीदरला शिक्षणाची परंपरा नव्हती, असे म्हणण्यास जागा नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा भग्नावस्थेत आजही शहराच्या मध्यभागी उभा आहे. मात्र ती उच्च विद्येची परंपरा होती; सर्वसामान्य मुलाची शाळा ही पुष्कळ नंतरची गोष्ट. निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादेत १९१७ मध्ये अनुवादासाठी 'दारुत्तर्जुमा' स्थापन झाला, पुढे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि गणित, विज्ञान, वैद्यक असे विषय एका भारतीय भाषेतून शिकवण्याचा मोठा प्रयोग दख्खनमध्ये झाला. दुसरीकडे, मातृभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून मराठी व कन्नड भाषक कार्यकर्त्यांनी खासगी शाळा उभारल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय हे त्याच चळवळीचे फळ होय. म्हणजेच शिक्षणाचे माध्यम हा या भूमीवर शंभर वर्षांपूर्वीही वादाचा विषय होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात आला. बाजारपेठ, सोयरीक, यात्रा आणि बोली पूर्ववत राहिल्या. शाळेचे पुस्तक, शिक्षणाधिकारी आणि परीक्षा मंडळ बदलले. उदगीरच्या मराठी शाळेतील मूल पुढे महाराष्ट्राच्या मंडळाची दहावी मराठीतून देऊ शकते. काही कोसांवरील औराद वा भालकीच्या मराठी शाळेतील मुलासमोर मात्र सातवीनंतर काय, हा प्रश्न उभा राहतो.

सीमाप्रश्नावर बोलताना दोन्ही राज्यांतील पुढारी या शाळांचा उल्लेख आवर्जून करतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात या दोन जिल्ह्यांतील गावांचाही समावेश आहे. परंतु शाळा ही भूभागावरील हक्काची खूण मानली गेली की तिच्यातील अध्यापन दुय्यम ठरते. एका बाजूला शाळा टिकली एवढ्यातच विजय मानला जातो, दुसऱ्या बाजूला ती ओसरली तर प्रश्नच मिटला असे वाटते. वर्गातील मुलाचा विचार दोन्हीकडे मागे पडतो.

२. निकाल काय सांगतात

२०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांद्वारे थेट देखरेख सुरू झाली. वाढीव गुण देऊनही राज्याचा निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. कलबुर्गीतून २००९ मध्ये वेगळा झालेला यादगीर जिल्हा ५०.५९ टक्क्यांसह तळाशी होता. २०२५ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१.१२ टक्के, तर कलबुर्गीचा ४२.४३ टक्के, म्हणजे राज्यात शेवटचा. एकाच राज्यात, एकाच अभ्यासक्रमावर, एकाच प्रश्नपत्रिकेत सुमारे ४९ टक्क्यांचे अंतर पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तीर्णतेची मर्यादा ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर झाला. अशा उपायाने निकालाचा आकडा सुधारू शकेल; मुलाचे वाचन त्याने सुधारणार नाही.

या आकड्यांची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. दहावीचा निकाल दहावीपर्यंत पोहोचलेल्यांचाच असतो. आठवी-नववीत गळालेले मूल त्यात मोजले जात नाही. जाहीर चर्चा जिल्हानिहाय निकालाची होते, माध्यमनिहाय क्वचितच. शिवाय शालेय वयातील मुलांच्या वाचन-गणिताची जी सर्वपरिचित बिगरसरकारी पाहणी देशात होते, ती 'असर' पाहणी ग्रामीण भागापुरती आहे. त्यामुळे बीदरच्या जुन्या शहरातील किंवा कलबुर्गीच्या दर्गा परिसरातील सरकारी शाळेत तिसरीचे मूल स्वतःच्या माध्यमात वाचू शकते की नाही, हे त्या पाहणीतून कळत नाही. दोष तिसरीत उत्पन्न होतो आणि आपण तो दहावीत मोजतो.

३. कायद्याची मर्यादा आणि शाळेची रचना

संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. त्याआधी, १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेत, शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी त्या भाषेचे असल्यास शिक्षक द्यावा, असे सूत्र ठरले होते. दोन्ही तरतुदी प्राथमिक टप्प्यापुरत्या आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा पहिली ते आठवीचा हक्क देतो आणि शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे, असे म्हणतो.

कर्नाटकातील सरकारी शाळांची परंपरागत रचना मात्र निराळी आहे. उच्च प्राथमिक शाळा पहिली ते सातवी आणि माध्यमिक शाळा आठवी ते दहावी अशी असते. काही प्राथमिक शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, पण सर्वत्र नाही. परिणामी कायद्याने दिलेल्या हक्काच्या शेवटच्या वर्षीच मुलाला शाळा बदलावी लागते. मराठी वा उर्दू शाळेतील मुलाला त्याच वेळी माध्यमही बदलावे लागण्याची शक्यता असते, कारण जवळची माध्यमिक शाळा बहुधा कन्नड माध्यमाची असते. नवी शाळा, नवे शिक्षक, नवी लिपी आणि विज्ञान-गणिताचा वाढलेला भार हे सर्व एकाच जून महिन्यात येते. मुलींच्या बाबतीत वाढलेल्या अंतराची भर पडते. टी.सी. काढली, पण पुढे नाव घातले नाही, असे मूल या टप्प्यावर निर्माण होते आणि त्याची नोंद 'पालकांची अनास्था' अशी होते.

न्यायालयीन निर्णयांचाही येथे विचार केला पाहिजे. गोकाक समितीच्या शिफारशींपासून सुरू झालेला माध्यमाचा वाद ६ मे २०१४ रोजी घटनापीठाच्या निर्णयाने एका टप्प्यावर आला. मातृभाषेचे माध्यम राज्य सक्तीने लादू शकत नाही, निवड पालकांची, असे न्यायालयाने म्हटले. निर्णयाचे मूल्य मोठे आहे. परंतु निवडीचा हक्क वापरण्यासाठी निवडण्याजोगे काही असावे लागते. शुल्क भरू शकणारा पालक इंग्रजी शाळा निवडतो. ज्याच्या मुलासाठी आठवीत त्याच्या माध्यमाचा वर्गच नाही, त्याने काय निवडायचे? सक्ती कायद्यातून गेली तरी व्यवहारात राहिली.

४. शब्द सामायिक, लिपी निराळ्या

माध्यमबदलाची अडचण 'मुलांना कन्नड येत नाही' एवढ्यावर सोडून देण्यात येते. तिचे स्वरूप बारकाईने पाहिल्यास उपायही सापडतात. या भागातील मूल बाजारात, बसमध्ये, शेतावर दोन-तीन भाषा सहज बोलते. त्याची अडचण बोलण्यात नसून लिपीत आणि पारिभाषिक शब्दांत आहे.

व्यवहारातील शब्दसंपत्ती मोठ्या प्रमाणात सामायिक आहे. जिल्हा हा शब्द उर्दूत 'जिला' आणि कन्नडात 'जिल्ले' आहे. हजेरी उर्दूत 'हाजिरी', कन्नडात 'हाजरी'. कागद, कचेरी, खुर्ची, सरकार, तहसीलदार हे शब्द थोड्या उच्चारभेदाने तिन्ही भाषांत आहेत. फारसी-अरबीतून आलेला हा ठेवा बहमनी काळापासूनच्या सहवासाचा आहे. कधी अर्थभेदही आढळतो. मराठीत 'रजा' आणि कन्नडात 'रजे' म्हणजे सुट्टी, तर उर्दूत 'रजा' म्हणजे संमती. असे भेद वर्गात सांगितले तर मुलांना भाषेची गोडी लागते.

गणिताच्या परिभाषेत चित्र बदलते. मराठी मुलाने शिकलेले गुणाकार, भागाकार, वृत्त, कोन हे शब्द कन्नड पुस्तकातही तेच आहेत. त्रिकोणाऐवजी 'त्रिभुज', बेरजेऐवजी 'संकलन', वजाबाकीऐवजी 'व्यवकलन' एवढाच फरक. लिपी ओळखता आली की मराठी मुलाला अर्ध्याहून अधिक वाट परिचित वाटेल. उर्दू माध्यमाच्या मुलाने मात्र जमा, तफरीक, जर्ब, तक्सीम, मुसल्लस, दायरा, जाविया हे शब्द शिकलेले असतात. त्याच्यासाठी लिपीची दिशाही बदलते आणि संज्ञाही. येथे एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. उर्दू पाठ्यपुस्तकांतील परिभाषेची जडणघडण बऱ्याच अंशी या दख्खनमध्येच झाली; आणि दख्खनमधीलच सरकारी शाळेत ती आठवीच्या उंबरठ्यावर निरुपयोगी ठरते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एकच सेतू अभ्यासक्रम चालणार नाही. आणि असा अभ्यासक्रम तयार करण्यासाठी परदेशी तज्ज्ञांची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. तिन्ही भाषा जाणणारे अध्यापक याच जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत आहेत.

२०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून शिकणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. राज्याची भाषा मुलांना यावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. नोकरी, न्यायालय, दवाखाना सर्वत्र तिची गरज आहे. खरा प्रश्न असा की मराठी-उर्दू शाळेत कन्नड शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक आहे काय, आणि तो कन्नड परकी भाषा म्हणून शिकवतो की पहिल्या भाषेचेच पुस्तक पाठ करून घेतो. कायदा झाला, अध्यापनपद्धती झाली नाही, तर मूल कन्नडात उत्तीर्ण होते. पण कन्नडातून विज्ञान शिकू शकत नाही.

५. शिक्षक आणि निधी

नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात राज्यातील ३९ तालुके अतिमागास ठरवले. त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातील होते. पुढे ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आला, स्थानिक उमेदवारांना नोकऱ्या व प्रवेशांत आरक्षण मिळाले आणि स्वतंत्र विकास मंडळ स्थापन झाले. गुलबर्गा विद्यापीठ १९८० पासून आहे, २००९ मध्ये आळंद तालुक्यातील कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ आले, वैद्यकीय महाविद्यालये आली. या सर्वांचे स्वागतच आहे. तथापि दहावीत निम्म्याहून अधिक मुले अनुत्तीर्ण होत असतील तर राखीव जागांचा लाभ कोणाला मिळतो? बहुधा जी कुटुंबे आधीच सरकारी शाळेबाहेर पडली आहेत, त्यांना. आधी कळस मग पाया, अशी ही स्थिती आहे.

शिक्षकभरतीचेही तसेच. २०२२ मध्ये राज्याने १५,००० पदवीधर प्राथमिक शिक्षकांची भरती काढली आणि त्यांपैकी ५,००० पदे कल्याण कर्नाटकासाठी होती. परंतु न्यायालयीन वादात नेमणुका रेंगाळल्या. रिक्त जागी अतिथी शिक्षक येतो. तो प्रामाणिकपणे शिकवत असला तरी त्याची नेमणूक वर्षापुरती, मानधन तुटपुंजे आणि पुढच्या जूनची शाश्वती नाही. मराठी व उर्दू शाळांत आणखी एक अडचण असते. पद भरले म्हणून कागदावर नोंद होते, पण शिक्षकाचे माध्यम आणि विषय वर्गाच्या गरजेशी जुळत नाहीत. विज्ञान शिकवणारा उर्दू न जाणणारा, आणि उर्दू जाणणारा गणिताचा नव्हे, अशी विसंगती पटसंख्येच्या सूत्रात दिसत नाही.

६. प्रचलित उपायांची चिकित्सा

पहिला उपाय इंग्रजी शाखांचा. २०१९ मध्ये राज्यातील एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू करण्यात आले. गरीब पालकाला इंग्रजी हवी आहे, हे वास्तव आहे आणि ते हिणवण्याचे कारण नाही. परंतु वर्ग सुरू करणे म्हणजे माध्यम सुरू करणे नव्हे. काल कन्नड, मराठी वा उर्दूतून शिकवणाऱ्या शिक्षकालाच आज इंग्रजीतून शिकवण्यास सांगितले, तर मूल इंग्रजी शब्द पाठ करते आणि अर्थ घरच्या भाषेत शोधत राहते.

दुसरा उपाय खासगी शाळांतील २५ टक्के जागांचा. २०१९ मध्ये कर्नाटकाने नियम बदलून, जेथे परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे तेथे ही सोय मर्यादित केली. सरकारी शाळा रिकाम्या होऊ नयेत, हा युक्तिवाद योग्य होता. पण मग त्या शाळा सुधारण्याची जबाबदारी दुप्पट होते, हे विसरले गेले.

तिसरा उपाय समाजाच्या स्वतःच्या संस्थांचा. कलबुर्गीत दर्ग्याशी निगडित शिक्षणसंस्था आहेत. बीदरमध्ये १९८९ साली मूठभर विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या शाहीन संस्थेने वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत देशभर नाव मिळवले आणि हाफिज विद्यार्थ्यांना आधुनिक शिक्षणाकडे वळवण्याचा उपक्रम राबवला. हे यश अभिमानास्पद आहे. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शालेय वयातील मुस्लिम मुलांपैकी सुमारे तीन टक्केच मदरशांत जातात, आणि ६ ते १४ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुले एकतर शाळेत कधी गेली नव्हती किंवा शाळा सोडून गेली होती. म्हणजेच समाजाच्या शिक्षणाचा मुख्य प्रश्न मदरशाचा नाही आणि वैद्यकीय जागांचाही नाही. तो वस्तीतील सरकारी शाळेचा आहे. ६ मे २०१४ रोजीच दिलेल्या दुसऱ्या निर्णयाने अल्पसंख्याक संस्था शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने या भूमिकेविषयी शंका व्यक्त करून विषय सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कायदेशीर निर्णय काहीही होवो, नैतिक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या संस्था समाजाच्या नावाने उभ्या आहेत, त्यांनी शेजारच्या सरकारी उर्दू शाळेची दखल किती घेतली? हुशार मूल उचलून घेणे सोपे. उरलेल्या वर्गाला शिकवणे हे खरे शिक्षणकार्य.

७. सुधारणेच्या दिशा

(१) प्रत्येक मराठी व उर्दू उच्च प्राथमिक शाळेला आठवीचा वर्ग जोडावा. हा कायद्याच्या अंमलबजावणीचाच भाग आहे. नववी-दहावीसाठी तालुक्यातील एका मध्यवर्ती माध्यमिक शाळेत त्या माध्यमाची तुकडी निश्चित करावी व मुलींसाठी वाहनाची सोय करावी. गावोगावी छोट्या तुकड्या काढण्यापेक्षा हे कमी खर्चाचे आहे.

(२) सहावीपासून कन्नडाचे अध्यापन द्वितीय भाषेच्या पद्धतीने व्हावे आणि सातवी-आठवीत गणित-विज्ञानाच्या संज्ञांचा त्रैभाषिक कोश मुलांच्या हाती द्यावा. मराठी आणि उर्दू शाळांसाठी सेतुवर्ग स्वतंत्र असावेत.

(३) शिक्षकपदांची गणना माध्यम आणि विषय अशी दुहेरी व्हावी. अतिथी शिक्षकांच्या नेमणुका शाळा उघडण्यापूर्वी पूर्ण व्हाव्यात.

(४) राज्याच्या सॅट्स प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे. सातवी उत्तीर्ण मराठी-उर्दू विद्यार्थ्यांपैकी किती आठवीत दाखल झाले, हे त्यावरून काढून दरवर्षी तालुकानिहाय जाहीर करावे. तिसरी व पाचवीत मुलाच्या माध्यमातून वाचनाची साधी चाचणी शहरी शाळांतही घ्यावी.

(५) प्रदेश विकास मंडळाच्या निधीचा ठरावीक वाटा इमारतींऐवजी शिक्षक-प्रशिक्षण, सेतुवर्ग व पुस्तकांसाठी राखावा.

(६) २००१ पासून अस्तित्वात असलेल्या शाळा विकास व देखरेख समित्यांची कागदपत्रे पालकांना समजणाऱ्या भाषेत द्यावीत. जी माता कन्नड वाचू शकत नाही, तिची सही घेऊन देखरेख होत नाही.

या सूचनांवर असा आक्षेप येईल की त्यामुळे मुले राज्यभाषेपासून दूर राहतील. अनुभव उलट सांगतो. माध्यम अचानक बदलल्याने मूल शाळा सोडते आणि शाळा सोडलेले मूल कन्नडही शिकत नाही. पहिल्या भाषेत पक्के वाचणारे मूल दुसरी भाषा लवकर आत्मसात करते. कन्नडाचे हित आणि मराठी-उर्दू शाळांचे हित येथे परस्परविरोधी नाही.

समारोप

याच भागात २००२ मध्ये ईशान्येकडील सात जिल्ह्यांपासून मध्यान्ह भोजनाची 'अक्षर दासोह' योजना सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. मागास म्हटलेल्या जिल्ह्यांतून आरंभ करून राज्याला वाट दाखवता येते, याचे हे उदाहरण होय. भाषिक सेतूच्या बाबतीतही ते शक्य आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांनी हा प्रश्न प्राथमिक खात्याचा म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा जो विद्यार्थी कोणत्याच भाषेत पानभर सुसंगत लिहू शकत नाही, तो याच खंडातून कसाबसा पार झालेला असतो. जे पार झाले नाहीत ते महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतच नाहीत. त्रैभाषिक कोश तयार करणे, बी.एड.च्या सराव पाठांसाठी सरकारी मराठी-उर्दू शाळा निवडणे, पदव्युत्तर प्रकल्पांतून एका तालुक्यातील सातवी ते आठवीच्या संक्रमणाची पाहणी करणे ही कामे शासन-आदेशाची वाट न पाहता हाती घेता येतात. निकालाच्या दिवशी हळहळण्यापेक्षा त्यांचा उपयोग अधिक आहे.